सातव्या मजल्यावरचा एसी: यंत्राचे पैसे आणि भिंतीचे पैसे

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. दोघंही निवृत्त. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी डोंबिवलीत. मी नवव्या मजल्यावर. वीस वर्षं वातानुकूलनाच्या कामांचे अंदाजपत्रक काढण्याची नोकरी करते, म्हणून इमारतीत कुणाचाही एसी बिघडला की पहिला फोन मला येतो. मी मॉल आणि रुग्णालयांची कामं करते, घरगुती एसीवाली नाही, हे सांगून दमले. पण या घराचं प्रकरण मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पाहिलं आणि सगळी बिलं जपून ठेवली. ते इथे लिहितेय कारण आमच्यासारख्या पंधरा वर्षांच्या इमारतींत हा खर्च आता घरोघरी येणार आहे, आणि तो कुठून कसा वाढतो ते दुकानातल्या किमतीच्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

इमारत ऐरोलीत, खाडीच्या अंगाला. गॅलरीतून हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात म्हणून फ्लॅटचे भाव चढलेले. पण त्याच खाडीच्या चिखलातून आणि नाल्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो. चांदीची भांडी इथे लवकर काळी पडतात हे काकूंना माहीत होतं. एसीच्या आतली कॉइलही तांब्याचीच असते, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

जुनी व्यवस्था २०११ सालची. एका मोठ्या आउटडोअरवर तीन इनडोअर: हॉल, मोठी बेडरूम, छोटी बेडरूम. आउटडोअरमध्ये दोन कॉम्प्रेसर, एक हॉलसाठी आणि दुसरा दोन्ही बेडरूमसाठी. गॅस आर-२२. तांब्याच्या नळ्या इंटिरिअरवाल्याने भिंतीत खाचा मारून आणि फॉल्स सीलिंगच्या वरून नेलेल्या. काहीही दिसत नाही. तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं, मीसुद्धा.

तीन वेळा गॅस

२०२४ मध्ये आउटडोअरच्या पंख्याची मोटर गेली, ५,२०० रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेडरूम थंड होईना, गॅस भरला, ४,००० रुपये. मार्च २०२५ मध्ये पुन्हा गॅस, ४,५००. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ४,५००. एकूण १८,२०० रुपये गेले आणि खोली गरमच.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. पण मे महिन्याच्या तोंडावर घामाने चिंब झालेल्या माणसाला हे पटवणं अवघड असतं आणि एसीवाल्यालाही रोज दहा घरं करायची असतात.

एप्रिलच्या शेवटी एसीवाला म्हणाला, मोठ्या बेडरूमची कूलिंग कॉइल लीक आहे, नवी टाकू, १६,००० रुपये, गॅरंटी नाही. काकांनी मला फोन केला. मी फोनवरच म्हणाले, ‘काका, इथल्या हवेत कॉइलच जाते, तो बरोबर सांगत असेल.’ ही माझी चूक. न बघता बोलले. काकूंनी मात्र फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘अगं, तू एकदा खाली येऊन बघ की. सोळा हजार म्हणजे काय भाजीचे पैसे आहेत?’

मी गेले, ओळखीच्या दुसऱ्या एसीवाल्याला घेऊन. रबाळ्यात त्याचं छोटं दुकान आहे, मूळचा कराडचा. त्याच्याकडे नायट्रोजनचं सिलिंडर आणि गेज होतं, ही त्याची निम्मी लायकी. नळ्या दोन्ही टोकांना सोडवल्या, टोपणं लावली आणि प्रत्येक जोडीत वेगळा नायट्रोजन भरला, ३०० पीएसआय दाबाने. मोठ्या बेडरूमची कॉइलही वेगळी बंद करून दाब दिला. रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी कॉइलचा काटा जागेवर. हॉलची नळी आणि छोट्या बेडरूमची नळी २९५ वर, म्हणजे ठीक, रात्रीच्या गारव्याने तेवढा फरक पडतोच. मोठ्या बेडरूमच्या नळीचा काटा १४० वर. कॉइल शाबूत होती. भोक भिंतीत होतं.

या एका चाचणीचे १,५०० रुपये पडले. सोळा हजारांची कॉइल टाकली असती तर नवा गॅसही तीन आठवड्यांत त्याच भोकातून गेली असती.

पुढे सीलिंग उघडलं तेव्हा ती जागा सापडली. नळी बाथरूमच्या फॉल्स सीलिंगवरून जात होती. वरचं काळं इन्सुलेशन ओलीने कुजून फाटलेलं, आत तांबं काळं-हिरवं पडलेलं आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे ठिपके. ओल, फरशी धुवायच्या ॲसिडची वाफ, गटाराचा वायू: तांब्याला तिन्ही नकोत आणि इंटिरिअरवाल्याने नळी नेमकी तिन्हींच्या घरातून नेलेली.

दुरुस्ती की नवीन

आता खरा प्रश्न. फक्त ती एक नळी बदलायची तर ८ मीटर तांबं, गॅस, सीलिंगचं ठिगळ, सगळं मिळून १६,००० च्या आसपास. मग अख्खी व्यवस्था का बदलायची?

मी बेडरूमच्या सर्किटला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून वीज मोजायचं यंत्र, लावला. एकच खोली चालू असली तरी दोन खोल्यांसाठीचा कॉम्प्रेसर चालतो, आणि तो २,१०० वॉट ओढत होता. चालू-बंद होत होत रात्रीच्या आठ तासांत १० युनिटं. आजचा १ टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) त्याच खोलीत तीन-सव्वातीन युनिटांत रात्र काढतो. या घरात मोठी बेडरूम वर्षाला दीडशे रात्री एसीवर असते: मार्च ते अर्धा जून आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास युनिटांचा फरक.

युनिटची किंमत काढताना लोक एकूण बिलाला युनिटांनी भागतात. ते चुकतं. महावितरणचे टप्पे आहेत: पहिली १००, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे. एसीची युनिटं कायम वरच्या टप्प्यात पडतात, कारण फ्रिज, पंखे आणि दिव्यांनी खालचे टप्पे आधीच भरलेले असतात. काकांच्या बिलावरून मांडलं तर, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून, १०१ ते ३०० मधलं युनिट १३ रुपयांच्या वर, ३०१ ते ५०० मधलं १८ च्या वर आणि ५०० पुढचं २० रुपयांच्याही वर जात होतं. मे २०२४ चं त्यांचं बिल ६१० युनिटांचं, साडेनऊ हजारांच्या आतबाहेर. एरवी २२० युनिटं. सरासरी १५ रुपये धरले तरी वर्षाला पंधरा हजार नुसते जुन्या कॉम्प्रेसरच्या हौसेचे.

तरीही, आणि हे प्रामाणिकपणे सांगते, विजेच्या बचतीतून सगळा खर्च वसूल होणार नव्हता. फक्त मोठ्या बेडरूमला एक नवीन एसी बसवला असता तर चारेक वर्षांत पैसे फिटले असते. हॉलचं सर्किट ठीक होतं, ते चालू द्यायचं. कागदावर हाच सगळ्यात शहाणा पर्याय. मी तो मांडलाही.

तो छज्ज्याने मोडला. आउटडोअर ठेवायला इमारतीच्या डक्टमध्ये प्रत्येक फ्लॅटला सहा फूट लांब, अडीच फूट रुंद छज्जा आहे. जुनं मोठं आउटडोअर मधोमध बसलेलं, शेजारी नव्याला जागा नाही. दर्शनी भिंतीवर लावायला सोसायटीची बंदी. म्हणजे नवीन एक आणायचं तर जुनं काढावं लागणार, आणि जुनं काढलं की तिन्ही खोल्या गेल्या. शिवाय काकूंनी एक अट घातली: ‘सीलिंग एकदाच फोडायचं. पीओपीची धूळ मी दोनदा झाडणार नाही.’ अंदाजपत्रकात अशा अटींना रकाना नसतो, पण निर्णय बहुतेक त्यांच्यावरच होतात.

आर-२२ चा मुद्दा होताच. ओझोनच्या थराला धोकादायक म्हणून माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने जातोय, आणि भारतात १ जानेवारी २०२५ पासून त्या जातीच्या गॅसवर नवी यंत्रं बनवणं बंद झालं. दुरुस्तीसाठी मिळतो, पण चौदा वर्षांच्या यंत्रात तो भरत राहणं म्हणजे निवृत्त होणाऱ्या माणसाला बढती देणं.

तीन कोटेशनं

पहिलं वाशीच्या एका मोठ्या दुकानातलं. हॉलला २ टन, दोन्ही बेडरूमना दीड-दीड टन, तिन्ही ५ स्टार. १,५४,००० रुपये. नळीचं ‘प्रत्यक्ष लागेल तसं’.

दुसरं एका डीलरचं. पुन्हा एका आउटडोअरवर तीन इनडोअर, इन्व्हर्टर, नळ्यांसकट २,६५,०००. सीलिंग आणि रंग तुमचा.

तिसरं त्या पहिल्या, गॅस भरणाऱ्या एसीवाल्याचं. तिन्ही ३ स्टार, जुन्याच नळ्या ‘फ्लश करून’ वापरू, सगळं मिळून १,१८,०००. काकांना अर्थातच हे आवडलं.

जुन्या नळ्यांचं आधी बोलू. आर-२२ च्या यंत्रात खनिज तेल असतं, आर-३२ या आजच्या गॅसच्या यंत्रात वेगळं, कृत्रिम तेल. जुन्याचा अंश राहिला तर नव्याला बाधतो. आर-३२ चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपटीहून जास्त. चौदा वर्षं सिमेंटमध्ये गाडलेल्या, खाडीच्या हवेतल्या नळीवर तो दाब टाकायचा? आणि त्यातली एक नळी तर फुटकी आहे, हे आम्हाला आता माहीत होतं. त्या माणसाला माहीत नव्हतं, कारण त्याने चाचणीच केली नव्हती. त्याने नवे एसी जोडले असते, महिन्याभराने गॅस गेला असता, आणि कंपनीच्या माणसाने येऊन सांगितलं असतं की नळी आमची नाही.

दुसरं कोटेशन दिसायला देखणं. पण एक आउटडोअर बिघडलं की तिन्ही खोल्या बंद, आणि त्याचा पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, मिळेपर्यंत मे महिना संपतो. हे घर त्यातून नुकतंच गेलं होतं.

पहिल्या कोटेशनात गोम टनांची. दुकानदार माप घेत नाही, ‘हॉल आहे ना, मग दोन टन’ असं म्हणतो. टन म्हणजे वजन नव्हे. पूर्वी बर्फाने थंडावा मोजत, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो ती क्षमता, आजच्या भाषेत साडेतीन किलोवॉट. मी टेप घेऊन मोजलं. हॉल ११ बाय १७ फूट, पश्चिमेला खाडीकडे मोठी काच, संध्याकाळचं ऊन थेट सोफ्यावर: दीड टन हवेतच. मोठी बेडरूम ११ बाय १२, पूर्वेला खिडकी, वर आठवा मजला असल्याने गच्ची तापत नाही: १ टनात भागतं. छोटी १० बाय ११: १ टनही जास्तच, पण त्याहून लहान यंत्रांत निवड नाही.

मोठा एसी घेतला की लवकर थंड होईल, हे खरं. पण आपल्याकडे त्रास नुसत्या उष्म्याचा नसतो, दमटपणाचा असतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र पटकन तापमान गाठतं आणि मंदावतं, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि चिकट, दोन्ही एकदम. ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर चादर ओलसर लागते, तिथे बहुधा हेच झालेलं असतं.

टन खोलीवरून, स्टार तासांवरून

तारांकनाबद्दल ‘५ स्टारच घ्या’ हा सल्ला इतका पसरलाय की त्याविरुद्ध बोलणं म्हणजे पाप. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती १,६०० तासांची. आपण किती तास चालवतो ते त्या लेबलला ठाऊक नसतं. ते आपण सांगायचं.

१ टनामध्ये ३ स्टार आणि ५ स्टारच्या लेबलांत सुमारे १६५ युनिटांचा फरक होता आणि किमतीत साडेसात हजारांचा. मोठी बेडरूम वर्षाला १,२०० तास चालते, म्हणजे सव्वाशे युनिटं, म्हणजे वर्षाला दीड-दोन हजार. चार वर्षांत वसूल. तिथे ५ स्टार. छोटी बेडरूम मुलगी-नातू आले की, वर्षाला चाळीस रात्री, ३२० तास. फरक ३३ युनिटांचा, पाचशे रुपये. साडेसात हजार फिटायला पंधरा वर्षं, तोवर खाडीच्या हवेने यंत्र खाल्लेलं असेल. तिथे ३ स्टार. हॉल संध्याकाळी तीन तास, उन्हाळ्याचे चार महिने, ३६० तास. तिथेही दीड टनाचा ३ स्टार, नऊ हजार वाचले. हॉलचं हे गणित लक्षात ठेवा, त्याची गंमत शेवटी आहे.

काकांनी आणखी एक विचारलं. मुलाने अमेरिकेतून सांगितलं होतं की त्याच्याकडे हीटिंग-कूलिंग एकत्रच बदललं, कित्येक हजार डॉलर गेले, मग तुम्ही पण ‘हॉट अँड कोल्ड’ घ्या. तिथली घरं वेगळी. तळघरात गॅसची भट्टी, तिच्याच पंख्यावर एसीची कॉइल, आणि घरभर एकच डक्ट. एक बदललं की दुसरं जुळवावं लागतं. त्यात तिथे २०२५ पासून नव्या घरगुती एसींसाठी जुना आर-४१०ए बाद होऊन नवे गॅस आले, त्यामुळे नुसतं आउटडोअर बदलून भागवणं आणखी अवघड झालं. ऐरोलीत जानेवारीत आठ-दहा रात्री गारठा असतो. त्यासाठी प्रवाह उलटवणारा व्हॉल्व्ह आणि वरचे पैसे? काकूंनीच निकाल दिला: ‘माळ्यावर तीन गोधड्या पडल्यात.’

वॉरंटीबद्दल एवढंच, की ‘कॉम्प्रेसरला १० वर्षं’ हे मोठ्या अक्षरात असतं, आणि आमच्या भागात आधी जाते ती कॉइल आणि पीसीबी. दुकानात कॉइलबद्दल विचारा आणि गंजल्याने झालेली गळती त्यात धरली आहे का ते कागदावर वाचा. आम्ही तांब्याची कॉइल आणि पत्र्यांवर गंजरोधक लेप असलेली मॉडेलं घेतली.

काम

सोसायटीची एनओसी, ५,००० अनामत, काम सकाळी दहा ते पाच, रविवारी बंद. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस.

छज्ज्यावर तीन आउटडोअर एकावर एक रचायचं पहिलं चित्र मी बदलायला लावलं. आमचा डक्ट अरुंद आहे आणि चौदा मजल्यांचे एसी त्यातच गरम हवा सोडतात. संध्याकाळी पाच वाजता बाहेर ३५ अंश होतं तेव्हा सातव्या मजल्याच्या छज्ज्यावर मी ४३ मोजलं. आउटडोअरचं काम घरातली उष्णता बाहेरच्या हवेत टाकणं. ती हवाच तापलेली असली तर ५ स्टारचे दोन स्टार तिथेच गळून पडतात. मग हॉलचं आउटडोअर ड्राय बाल्कनीच्या मागच्या उघड्या भिंतीवर नेलं, तिथे सोसायटीची परवानगी होती. छज्ज्यावर दोनच राहिली, मधे हात जाईल एवढी जागा ठेवून.

नळ्या पुन्हा गाडायच्या नाहीत, हे मी हट्टाने सांगितलं. काकू नाराज. ‘भिंतीवरून पांढऱ्या नळ्या? दवाखाना वाटेल.’ शेवटी तोडगा निघाला: हॉलची नळी किचनच्या माळ्यातून, बेडरूमच्या नळ्या पॅसेजच्या सीलिंगमधून पण बाथरूम टाळून, आणि जिथे भिंतीवर येतात तिथे चौकोनी पांढरी केसिंग. एकूण २४ मीटर, एकही मधला जोड नाही. बॉक्समध्ये येणाऱ्या तीन-तीन मीटरच्या नळ्या वापरल्या तर मधे जोड द्यावा लागतो आणि गळती जोडातच सुरू होते. त्या नळ्या एसीवाल्याने ठेवून घेतल्या आणि मजुरीत वळत्या केल्या.

जोडणी झाल्यावर त्याने व्हॅक्यूम पंप लावला, नळीमागे वीस मिनिटं. पुष्कळ जण हे टाळतात, थोडा गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतात. नळीत राहिलेली हवा आणि ओल पुढे कॉम्प्रेसरला मारते. त्यात आर-३२ थोडा का होईना, ज्वालाग्राही आहे. ‘मॅडम समोर उभ्या आहेत म्हणून नाही, मी कायमच लावतो,’ असं तो म्हणाला. विश्वास ठेवला.

विजेचं काम अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. पूर्वी सगळा भार एका जाड लाइनवर आउटडोअरला जात होता. आता तीन खोल्यांत तीन स्वतंत्र पॉइंट, प्रत्येकाला वेगळी एमसीबी. मंजूर भार वाढवावा लागला नाही, कारण तिन्ही नवे मिळून जुन्यापेक्षा कमीच ओढतात.

हिशेब

तीन यंत्रं: हॉल ३७,५००, मोठी बेडरूम ३९,५००, छोटी ३२,०००. मिळून १,०९,०००. काका इथपर्यंत खूश होते.

मग बाकीचं. तांब्याची नळी इन्सुलेशनसकट ९०० रुपये मीटर, २१,६००. बसवण्याची मजुरी ४,५००, उंचीवरच्या कामाचे वरचे ३,०००, स्टँड २,७००. नायट्रोजन चाचणी १,५००. पाण्याचे नवे पाइप ३,६००, कारण जुने गाडलेले पाइप शेवाळाने तुंबलेले. भिंतीला दोन भोकं, कोअर कटिंग १,६००. केसिंग ४,२००. वायरिंग ११,५००. सीलिंगचं पीओपी ९,५००. राडारोडा खाली नेऊन टाकणं १,२००.

आणि रंग २२,०००. हा आकडा माझ्या अंदाजात ६,००० होता. पॅसेजची एक भिंत आणि सीलिंग रंगवायचं ठरलं होतं. पण चार वर्षांच्या जुन्या रंगाशेजारी त्याच डब्याचा नवा रंग लावला की जुना मळलेला दिसतो. मग पॅसेजची दुसरी भिंत, मग ती हॉलला लागून, मग हॉल. वीस वर्षं अंदाजपत्रकं करून मी इथे चुकले, कारण मॉलमध्ये रंगाचं कंत्राट दुसऱ्याचं असतं.

यंत्राबाहेरचा खर्च ८६,९००. एकूण १,९५,९००. जुनं सामान भंगारवाल्याने तांब्यासाठी ९,००० ला घेतलं. खिशातून गेले १,८६,९००. म्हणजे शंभर रुपयांतले पंचावन्न यंत्राचे, पंचेचाळीस भिंतीचे. वाशीच्या दुकानाचं १,५४,००० वालं घेतलं असतं तर भिंतीचे हेच पैसे धरून २,४०,९०० झाले असते. डीलरचं एकत्र यंत्र रंग-पीओपीसह तीन लाखांच्या उंबरठ्यावर.

नंतर

जुलैत हॉलच्या एसीतून सोफ्यावर पाणी टपकलं. पाण्याच्या पाइपला किचनच्या माळ्यात उतार कमी पडला होता. एसीवाला आला, दोन क्लॅम्प सरकवले, पैसे घेतले नाहीत.

सीलिंग बंद करण्याआधी मी काकांकडून टेप धरून नळ्यांचे फोटो काढून घेतले होते. ते छापून त्यांनी माळ्याच्या दाराला आतून चिकटवलेत.

सप्टेंबरमध्ये काका पेपर घेऊन वर आले. २२ तारखेपासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर. १,०९,००० च्या यंत्रांवर साडेआठ हजार वाचले असते. चेहरा पडलेला. काकू मागोमाग आल्या होत्या. म्हणाल्या, ‘आणि मे महिन्यात नातवाला काय पेपरने वारा घातला असतात?’

पूर्वी काका रिमोट १८ वर ठेवून झोपत. नवे एसी चालू केले की आपोआप २४ वर येतात, २०२० पासून तसा नियमच आहे. काकांनी पहिले दोन दिवस खाली आणलं, मग कंटाळले. रात्रीची सव्वातीन युनिटं त्यामुळेही आहेत.

ऑक्टोबर २०२४ ला ४८० युनिटं होती, ऑक्टोबर २०२५ ला ३४५. माझ्या हिशेबाने ३१० यायला हवी होती. पस्तीस युनिटं कुठे गेली ते शोधायला फार हिंडावं लागलं नाही. एसी गार करतो आणि आवाज करत नाही हे कळल्यापासून काका दुपारी चार वाजताच हॉलमध्ये येऊन बसतात, उन्हाच्या काचेकडे पाठ करून. हॉलचे माझे ३६० तास वर्षाला ७०० वर जातील असं दिसतंय. ७०० तासांना तिथे ५ स्टार सहा वर्षांत फिटला असता. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, मग तू तेव्हा विचारायचंस ना, मी निवृत्त झाल्यावर काय करणार आहे ते.’